रेघ शिनोळीतून गेली तर

देश फुटेल का, फुटला तर काय होईल, हे प्रश्न हल्ली लोक जेवताना विचारायला लागलेत. आधी असलं काही बोलायचं तर माणूस आवाज खाली आणायचा, आता तसं राहिलं नाही. आमच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, इथेच टिळकवाडीत एका हॉटेलात, निम्मे मराठी, निम्मे कन्नड, दोघं-तिघं कोकणी, एक उर्दूवाली मैत्रीण, आणि बोलता बोलता विषय टॅक्सवर गेला. दक्षिण भरते आणि उत्तर खाते. डीलिमिटेशन, म्हणजे लोकसंख्येवरून लोकसभेच्या जागांची फेरवाटणी, झालं की दिल्लीत आपलं कोण ऐकणार. मग बेंगळुरूला स्थायिक झालेला एकजण म्हणाला, वेगळं होऊ दे की एकदाचं, ते तिकडे सुखी, आपण इकडे सुखी. कोणी दचकलं नाही. बरोबर आहे म्हणून मान हलवणाऱ्यांत मराठीही होते. मला मात्र घास गिळवेना, कारण "आपण इकडे" म्हणताना त्याने हवेत जी रेघ ओढली तिच्या नेमक्या पलीकडे माझी आई राहते.

माझं माहेर चंदगड तालुक्यात आणि सासर बेळगावात, अनगोळला. म्हणजे माहेर महाराष्ट्रात, सासर कर्नाटकात. ऐकायला लांबचं वाटतं, पण वेंगुर्ला रोडने निघालं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, आणि बाची संपलं की शिनोळी, झालं, आला महाराष्ट्र. मध्ये नदी नाही, डोंगर नाही. बांधाच्या अलीकडचा तुकडा एका राज्यात आणि पलीकडचा दुसऱ्या राज्यात, आणि दोन्ही तुकडे एकाच घराचे, अशी घरं मला माहीत आहेत. एकाचा सातबारा चंदगडला काढायचा, दुसऱ्याचा उतारा कन्नडमध्ये बेळगावला. चंदगडची माणसं बाजाराला बेळगावात येतात, बाळंतपणाला बेळगावात, लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावात, पोरं कॉलेजला बेळगावात. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर खरं, पण ते शंभर किलोमीटरच्या वर. त्यामुळे लहानपणी आम्हाला राज्य बदललं म्हणजे एसटीचा रंग बदलला एवढंच कळायचं.

ते २०२० पर्यंत.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि बाची-शिनोळीच्या मध्ये बॅरिकेड आले. इकडे कर्नाटक पोलीस, तिकडे महाराष्ट्र पोलीस, मधला रस्ता रिकामा. मे महिन्यात तर कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सरळ बंदीच घातली. आमच्या आप्पांचे, म्हणजे वडिलांचे, डॉक्टर बेळगावातले, बीपी-शुगरच्या गोळ्या कायम इथल्याच, आणि गावाकडच्या मेडिकलमध्ये त्यातल्या दोन मिळेनात. मी गोळ्या घेतल्या, मिस्टरांच्या गाडीवरून बाचीला गेले, दादा पलीकडे येऊन उभाच होता. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. पण पुढे सोडेनात. ड्युटीवरचा कॉन्स्टेबल बोलण्यावरून विजापूरकडचा वाटत होता, अगदी पोरगाच. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "नम्म अप्पार गुळिगी अदाव्रि," आमच्या वडिलांच्या गोळ्या आहेत. त्याने पिशवी उघडून बघितली, बिल बघितलं, आमच्या मिस्टरांकडे बघितलं, मग काही न बोलता स्वतः पिशवी घेऊन मधल्या रिकाम्या रस्त्यावर चालत गेला, डांबरावर पिशवी ठेवली आणि मागे आला. तो परत आल्यावर तिकडच्या हवालदाराने दादाला सोडलं. दादाने पिशवी उचलली, आत मी, आप्पांना कुंदा आवडतो म्हणून, त्याचा डबा टाकला होता (शुगर असून, हो), तो त्याने वर करून दाखवला आणि गेला. बहीण-भावाची तेवढीच भेट. दोन राज्यांचे पोलीस उभे, मध्ये एक कापडी पिशवी.

आणि ही नुसती राज्याची हद्द होती हो. केरळच्या हद्दीवर तलपाडीला त्याच मार्चमध्ये रस्ता अडवला, कासरगोडच्या पेशंटना मंगळुरूच्या हॉस्पिटलला पोचता येईना, माणसं गेली त्यात, मग प्रकरण केरळच्या हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि शेवटी तोडगा निघाला. निघाला कारण दोन्ही राज्यांच्या डोक्यावर कोर्ट एकच होतं. उद्या दक्षिण वेगळा देश झाली तर शिनोळीच्या त्या रस्त्यावर कोण कोणाला आदेश देणार? आप्पा आता नाहीत. पण आई आहे, तिचे डोळे इथे दाखवतो, आणि गौरी-गणपतीला मी अजून तिकडे जाते. गेट-टुगेदरला टेबलावर बोलणाऱ्या कोणाच्या डोळ्यासमोर हा रस्ता नव्हता. त्यांच्यासाठी दक्षिण म्हणजे बेंगळुरू आणि चेन्नई. पण ती कुठूनतरी सुरू होणार ना? ती आमच्या रताळ्याच्या शेतातून सुरू होणार.

टॅक्सचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. क्रेडिट सोसायटीत काउंटरला बसते, आकडे मलाही कळतात. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतला कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ वर आणला, हा काही किरकोळ फरक नाही. कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा हे अजून १९७१ च्या जनगणनेवर चाललंय, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ते गोठवून ठेवलेलं, आणि ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचंच वजन उद्या कमी होणार ही भीती रास्त आहे. २०२४ च्या १ फेब्रुवारीला अंतरिम बजेट झालं आणि त्याच दिवशी बेंगळुरू ग्रामीणचे तेव्हाचे खासदार डी. के. सुरेश बोलून गेले की असंच चाललं तर दक्षिणेला वेगळा देश मागायची पाळी येईल. आठवड्याच्या आत मुख्यमंत्री सिद्धरामय्या मंत्री-आमदारांना घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसले. बसले ते चांगलं केलं. आपला वाटा मागायचा तर मागायलाच पाहिजे, ओरडून मागायला पाहिजे.

पण हाच हिशेब बेळगाव-विजापूर-कलबुर्गीची माणसं बेंगळुरूला विचारतात, त्याचं काय? आमच्याच जिल्ह्यातले उमेश कत्ती, हुक्केरीचे आमदार, मंत्रिपदावर असूनसुद्धा उत्तर कर्नाटक वेगळं राज्य करा म्हणत राहिले, २०२२ मध्ये वारले तोपर्यंत. २०१२ मध्ये इथे सुवर्ण विधानसौध झालं, हायवेवरून जाताना काय दिसतं ते, पांढरंशुभ्र, पण वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशन भरतं, गाड्यांची रांग लागते, मग परत सामसूम. म्हणजे दिल्लीवर बेंगळुरूचा राग, बेंगळुरूवर उत्तर कर्नाटकाचा राग, आणि त्या उत्तर कर्नाटकात परत आम्ही मराठी. वेगळं व्हायचा हा हिशेब कुठे थांबतो ते मला कोणीतरी सांगा, कारण जिथे थांबवाल तिथे खाली कोणीतरी उरलेलाच असतो.

माझ्या नणंदेची मुलगी ऑस्टिनला असते, टेक्सासमध्ये. तिच्याकडेही हेच. जॉर्जिया राज्याच्या तेव्हाच्या एक खासदार, मार्जोरी टेलर ग्रीन, २०२३ च्या फेब्रुवारीत उघड म्हणाल्या की आता देशाचाच घटस्फोट करायला हवा, लाल म्हणजे रिपब्लिकनांची राज्यं वेगळी, निळी म्हणजे डेमोक्रॅटांची वेगळी. ती पोरगी म्हणते, मामी, टेक्सास लाल म्हणतात पण ऑस्टिन निळं आहे, मग आम्ही कुठे जायचं? मला तो प्रश्न इतका ओळखीचा वाटला. २०२० च्या निवडणुकीत ट्रम्पना टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियात जास्त मतं पडली होती, टेक्सासमध्ये साधारण ५९ लाख आणि कॅलिफोर्नियात, जे निळ्यांतलं निळं, तिथे ६० लाखांवर. हरले ते तिथे, पण मतं एवढी. घटस्फोट झाला तर ही साठ लाख माणसं कोणाच्या पदरात? ओरेगन राज्याच्या पूर्वेकडच्या काही काउंट्या आम्हाला शेजारच्या आयडाहोत जाऊ द्या म्हणून मतदान करत आल्यात. हे वाचलं आणि मला एकदम महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या आपल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरची आठवण आली. आणि हा असा देश आहे जिथे एकदा, १८६१ ते १८६५, वेगळं व्हायचा प्रयोग झालाय आणि त्यात सहा लाखांवर माणसं मेलीत.

चेक आणि स्लोव्हाकांचं उदाहरण कोणीतरी देतंच अशा वेळी, त्या दिवशीही दिलं. १ जानेवारी १९९३ ला एक गोळी न झाडता दोन देश झाले. खरं आहे. लोकांचं मत मात्र घेतलं नव्हतं, दोन नेत्यांनी बसून ठरवलं आणि मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक अशी वाटली. ते जमलं कारण चेक बहुतेक चेककडे राहायचे आणि स्लोव्हाक स्लोव्हाककडे, मधली रेघ जवळपास आधीच होती. तरीसुद्धा उ साबोतू नावाची एक वस्ती पुढे १९९७ मध्ये चेक बाजूकडून स्लोव्हाकियाला द्यावी लागली. जिथे माणसं एकाच गल्लीत राहतात तिथलं उदाहरण द्यायचं तर बोस्नियाचं द्या. १९९२ ते १९९५, एक लाखाच्या आसपास मेले, शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं.

आणि बेळगाव कोणासारखं आहे हे बघायला अनगोळच्या आमच्या गल्लीत या. एका भिंतीपलीकडे आमच्या अक्का राहतात, लिंगायत, कन्नड. मला वैनी म्हणतात, मी त्यांना अक्का. त्यांचा नातू कन्नड शाळेत, माझी पोरगी मराठी शाळेत शिकली, दोघं भांडली की हिंदीत भांडायची. संध्याकाळी अक्कांच्या दारात ज्वारीच्या भाकरीचा थाप-थाप आवाज चालू असतो आणि आपण समोरून गेलो की आतून हाक, "वैनी, बर्री, चहा कुडीरी," या, चहा प्या म्हणून. त्यांचे मिस्टर वडगावात मागावर होते, आता हातात काम नाही. आमच्या सोसायटीत त्यांची पिग्मी आहे, रोजचे थोडे थोडे, पिग्मीवाला पोरगा मराठी, पुस्तक भरतो तो मराठीत आणि आकडा सांगतो कन्नडमध्ये. ह्या गल्लीतून रेघ ओढा बरं. भिंतीवरून ओढणार का पिग्मीच्या पुस्तकावरून?

आता कोणी म्हणेल, सीमाभागातली मराठी बाई असून तुम्हीच रेघ नको म्हणताय, मग तुमचा लढा कसला? ह्याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

मी लढा सोडलेला नाही. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या, दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर ते जायचे, आता गुडघे चालत नाहीत म्हणून मिस्टर जातात. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावात झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला, आणि महाराष्ट्र झाला तेव्हा बेळगावच बाहेर राहिलं, हे दुःख आमच्या घरात रोजच्या बोलण्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात टाकलं. महाजन आयोग आला, १९६७ मध्ये त्याने अहवाल दिला, निपाणी-खानापूरसकट २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणाला, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवा म्हणाला, महाराष्ट्राने तो मानला नाही, आणि ती २६४ गावंही तिथेच राहिली. २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. तारखा चालू आहेत. २०१४ मध्ये येळ्ळूरचा "महाराष्ट्र राज्य" लिहिलेला फलक काढला तेव्हा घराघरात घुसून मारल्याची चित्रं आपण टीव्हीवर बघितलीत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा, नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे असं देशाने केव्हाच ठरवलंय, आणि माझ्या हातात घराच्या पट्टीचा कागद अजून नुसत्या कन्नडमध्ये येतो. मला वाचता येतं थोडं. आमच्या मामांना नाही येत. ऐंशी वर्षांच्या माणसाला स्वतःच्या घराचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय.

पण ह्या सगळ्या लढ्यात एक गोष्ट आम्ही कधी मागितली नाही. देशाबाहेर जायचं कधीच म्हटलं नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्या, एवढंच. आणि ते मागता येतं कारण घटनेच्या तिसऱ्या कलमात राज्यांच्या हद्दी बदलायची सोय आहे, संसदेने कायदा केला की हद्द हलते, सैन्य हलत नाही. आंध्र झालं, गुजरात झालं, हरियाणा झालं, तेलंगण झालं. भांडणं झाली, माणसंही गेली, पण तेलंगणचा माणूस दुसऱ्या दिवशी विजयवाड्याला बसने जाऊ शकला. भावाभावांत वाटणी होते तेव्हा शेतं वाटतात, पण विहिरीवर पाळी लावतात आणि वाट सामाईक ठेवतात. राज्यांची वाटणी अशी होते. देशाची वाटणी झाली की विहीर बुजते आणि वाटेवर काटे पडतात. १९४७ ला रॅडक्लिफ जुलैत आला, पाच आठवड्यांत पंजाब-बंगालवर रेघ ओढून गेला, आणि ती रेघ लोकांना कळली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य होऊन दोन दिवसांनी. पुढचं काय सांगायचं.

१९५६ ह्या सालाविषयी मात्र मला अजून बोलायचंय. त्या वर्षी शेजारी काय चाललं होतं ते बघा. जूनमध्ये श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, फक्त सिंहली हीच राजभाषा असा कायदा केला. तमिळ माणसाला एका कायद्याने स्वतःच्या देशात अडाणी करून टाकलं. विरोध शांततेत सुरू झाला होता, सत्याग्रहच होता तो, आणि १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध झालं. पाकिस्तानात उर्दू लादायला निघाले, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात पोरांवर गोळ्या घातल्या, १९५६ च्या घटनेत बंगालीला मान्यता दिली खरी, पण बंगाली माणसाला बरोबरीचा कधी मानला नाही. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने ३१३ पैकी १६७ जागा जिंकल्या, स्पष्ट बहुमत, आणि सत्ता दिली नाही. वर्षभरात देश फुटला. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला, त्या वेळी लढायला गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण. रेजिमेंटचं सेंटर आमच्या बेळगावात, कॅम्पात. त्या रेजिमेंटमध्ये मराठी पोरांच्या बरोबरीने कन्नड पोरंही असतात आणि घोषणा एकच देतात, छत्रपती शिवाजी महाराजांची. पहाटे कॅम्पाच्या बाजूला फिरायला गेलं की रिक्रूट पळताना दिसतात, कोण कुठल्या भाषेचा ते घामेजलेल्या तोंडावरून कळत नाही.

आणि त्याच १९५६ मध्ये भारताने उलटं केलं, भाषांना घरं दिली. भाषेवार राज्यं केली तर देशाचे तुकडे होतील असं तेव्हा मोठे मोठे लोक म्हणत होते. झालं नाही तसं. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी, सगळ्यांना स्वतःच्या भाषेत कारभार मिळाला आणि म्हणून कोणाला घर सोडून जावंसं वाटलं नाही. आमच्यावर अन्याय झाला तो ह्या चांगल्या कामात झाला, रेघ ओढताना आम्ही तिच्या चुकीच्या बाजूला पडलो. म्हणून मला वाटतं देश काही भाषा दोन आहेत, पक्ष दोन आहेत, विचार दोन आहेत म्हणून फुटत नाही. जो आकड्यात कमी आहे त्याला तू बोलूच नकोस, तुझं मत मोजणार नाही, तुझा कागद तुझ्या भाषेत देणार नाही, पटत नसेल तर चालता हो, असं सांगायला लागलं की फुटायला लागतो. आणि हे "चालता हो" मला हल्ली सगळीकडून ऐकू येतंय, भाषेवरून, धर्मावरून, पक्षावरून. एकाच घरात दोन पक्षांची माणसं जेवायला बसत नाहीत. एका ताटातली माणसं ही.

२०२२ चा डिसेंबर घ्या. हिरेबागेवाडीच्या टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. तिकडे पुण्याला कर्नाटकाच्या बसेसना काळं फासलं. दादाचा काजूचा माल त्या आठवड्यात बेळगावात पोचवायचा होता, टेम्पो एमएच ०९. त्याने टेम्पो शिनोळीत ओळखीच्याच्या अंगणात लावला, केए २२ ची गाडी भाड्याने घेतली आणि सगळी पोती रस्त्याच्या कडेला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवली. केए २२ चा ड्रायव्हर कन्नड, तोच पोती उचलू लागला. भाडं गेलं, दिवस गेला, पण त्याहून, दादा म्हणाला, नंबर प्लेटची भीती वाटली गं आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच दिवसांत भिंतीपलीकडे अक्कांची वेगळीच घालमेल चालू होती. कारण अक्कांचं माहेर जत तालुक्यात, महाराष्ट्रात. तिकडे कन्नड घरं, कन्नड शाळा, आणि कागद मराठीत. म्हणजे आमचं अगदी उलटं. बोम्मई मुख्यमंत्री होते, त्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि अक्कांचा भाऊ टीव्हीवाल्यांच्या गर्दीत सापडला. अक्का सांगत होत्या, त्यांच्या गावाने कर्नाटकात जायचं म्हटलं होतं ते भाषेसाठी नव्हेच, पाण्यासाठी. म्हैसाळच्या उपसा योजनेचं पाणी पूर्वेच्या गावांना मिळेना, वर्षानुवर्षं टँकर, मग लोक म्हणाले आम्हाला कर्नाटकात घाला, निदान पाणी तरी येईल. नंतर म्हैसाळच्या विस्ताराच्या फायली हलल्या आणि ते बोलणं बरंच निवलं. हे मला फार मोठं वाटतं. माणूस जातो म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो जायचं म्हणत नसतो, पाणी दे म्हणत असतो. पण तीस वर्षं नाही दिलं तर मग खरंच निघतो.

हद्दी बदलायच्याच असतील तर कशा बदलाव्यात ह्याचं एक उदाहरण मला मनापासून आवडतं, स्वित्झर्लंडचं. तिथे बर्न हा जर्मन बोलणारा मोठा कँटन, म्हणजे तिथलं राज्य, आणि त्यात ज्युरा नावाचा फ्रेंच भाग अडकलेला. १९७४ मध्ये अख्ख्या ज्युराला विचारलं, वेगळं व्हायचंय का. हो म्हणाले. मग १९७५ मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला विचारलं, दक्षिणेकडचे जिल्हे म्हणाले आम्ही बर्नमध्येच बरे. मग हद्दीवरच्या गावागावाला विचारलं. १९७९ मध्ये नवा कँटन झाला. तरी मुतिये नावाचं एक गाव बर्नकडे राहिलं, तिथे दोन तट, अटीतटीची भांडणं, २०१७ मध्ये मतदान झालं ते गैरप्रकारावरून रद्द झालं, २०२१ मध्ये परत घेतलं, आणि १ जानेवारी २०२६ ला ते गाव ज्युरात गेलं. पन्नास वर्षं लागली. पण विचारलं. परत परत विचारलं. आणि गाव इकडून तिकडे गेलं तरी गावातला एकही माणूस परदेशी झाला नाही. आम्हाला १९५६ पासून असं एकदाही कोणी विचारलं नाही, निपाणीला नाही, खानापूरला नाही, येळ्ळूरला नाही, आणि जतलाही नाही.

त्या रात्री हॉटेलातून निघताना बेंगळुरूवाला मित्र म्हणाला, तू फार सीरियस घेतलंस. घेतलंच. त्याची पोरं कन्नड-इंग्लिश बोलतात, त्याचे आईवडील इथे शहापुरात, त्याची मोठी बहीण इचलकरंजीला दिलेली. मी त्याला विचारलं, ताईला राखी पाठवायला कस्टम ड्युटी भरशील काय गा? तो हसला नाही. म्हणाला, तसं नाही मला म्हणायचं. मी म्हटलं मग काय म्हणायचंय ते म्हण, टॅक्सचा वाटा वाढवून मागायचाय तर तो माग, मी सही करते, जागा कमी होऊ देऊ नका म्हणून मोर्चा काढ, मी येते. तो गप्प चालत राहिला आणि पार्किंगमध्ये गाडीजवळ म्हणाला, बहिणीचा विचार केला नव्हता.

सुप्रीम कोर्टाचा निकाल कधी लागेल ते लागो. माझं मत सगळ्यांना माहीत आहे, बेळगाव महाराष्ट्रात जावं, मामांच्या डोळ्यादेखत जावं. पण तसा निकाल लागला तर अनगोळातल्या अक्का आणि त्यांचा नातू महाराष्ट्रातले अल्पसंख्याक होतील, आम्ही आज आहोत तसे. त्या दिवशी त्यांच्या घरपट्टीचा कागद कन्नडमध्येही आला पाहिजे, पोराची कन्नड शाळा त्याच गल्लीत चालू राहिली पाहिजे, मास्तर कमी पडले तर नेमले पाहिजेत, आणि ते मागायला सगळ्यात पुढे आम्ही मराठी माणसांनी उभं राहिलं पाहिजे. हे मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बैठकीत बोलले तेव्हा दोघं-तिघं नाराज झाले, आत्ताच कशाला म्हणाले. मामा खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, आत्ताच लिहून घ्या तिचं, निकालानंतर कोणाला आठवणार नाही.